चांदीचं स्मारक नाणं खरं का खोटं? सारखे विचारले जाणारे प्रश्न

मी सांगलीत राहतो आणि गेली बरीच वर्षं नाणी जमवतोय. हळदीची पट्टी झाली की, म्हणजे हळद विकून पैसे हातात आले की, किंवा दिवाळीच्या आधी, ओळखीचे लोक रुमालात गुंडाळून नाणी घेऊन घरी येतात आणि सगळ्यांचे प्रश्न थोड्याफार फरकानं तेच असतात, म्हणून एकदा सगळं सविस्तर लिहून ठेवतोय. कुणाचे कष्टाचे पैसे खोट्या नाण्यात जाऊ नयेत एवढीच इच्छा आहे, आणि तेवढंच महत्त्वाचं म्हणजे खरं नाणं खोटं समजून कुणी मोडीत घालू नये.

स्मारक नाणं म्हणजे नक्की कुठलं? लक्ष्मी-गणपतीचं नाणं त्यात येतं का?

नाही येत. सराफाकडं किंवा बँकेत मिळतं ते लक्ष्मीचं नाणं म्हणजे खरं तर चांदीचं पदक आहे, त्याच्यावर रुपयाची किंमत नसते. स्मारक नाणं भारत सरकार काढतं, कुणाची जन्मशताब्दी, एखाद्या संस्थेचा महोत्सव अशा निमित्तानं, आणि त्यावर अशोकस्तंभ आणि रुपयातली किंमत असते. स्वतंत्र भारतात अशी नाणी १९६४ पासून निघतायत, पहिलं पंडित नेहरूंचं. पण ते निकेलचं होतं बरं का. चांदीचं पहिलं म्हणजे १९६९ चं गांधी शताब्दीचं १० रुपयांचं नाणं, आणि नकली पण सगळ्यात जास्त मी त्याचंच बघितलंय.

नाण्यात निम्मीच चांदी निघाली. म्हणजे खोटंच ना?

हा प्रश्न आला की मला आत्याचं नाणं आठवतं, म्हणून जरा लांबण लावतो.

आत्याकडं नेहरू जन्मशताब्दीचं, १९८९ चं १०० रुपयांचं नाणं होतं. मामंजींनी टांकसाळीतून मागवलेलं, निळसर पाकिटासकट जपलेलं. अडचणीच्या वेळी ती ते घेऊन एका दुकानात गेली, तिथं मशीनवर धरलं तर चांदी पन्नास टक्क्यांच्या आसपास दाखवली, आणि तिला सांगितलं की काकू यात निम्मी भेसळ आहे, कुणीतरी फसवलंय तुम्हाला, मोडीच्या भावानं घेतो. आत्या रडकुंडीला येऊन घरी आली. मी वजन केलं, ३५ ग्रॅम. व्यास ४४ मिलिमीटर. पाण्यातली टेस्ट केली (ती खाली सांगतो), आकडा ३.६७ च्या जवळ आला. नाणं शंभर टक्के खरं होतं, कारण सरकारनंच ते तसं बनवलंय! चांदी ५० टक्के, तांबं ४०, निकेल ५ आणि जस्त ५. १०० रुपयांची बहुतेक सगळी जुनी स्मारक नाणी याच मिश्रणाची आहेत.

म्हणून नीट लक्षात ठेवा, सरकारी नाण्याचा खरेपणा शुद्धतेवरनं ठरत नाही, सरकारनं जे प्रमाण जाहीर केलंय त्याच्याशी ते जुळतं का यावरनं ठरतो. उलट त्या १९८९ च्या नाण्यात मशीननं ९९ टक्के चांदी दाखवली असती तर मी ते नकली म्हणालो असतो. कुणी "शुद्ध चांदीचं आहे, बघा मशीनवर" असं म्हणून जुनं १०० रुपयांचं नाणं विकायला लागला तर तिथनं निघा.

मग कुठल्या नाण्यात किती चांदी हे कुठं बघायचं?

भारताच्या राजपत्रात, म्हणजे गॅझेटमधे. प्रत्येक स्मारक नाण्यासाठी अर्थ मंत्रालय अधिसूचना काढतं, हल्ली ती २०११ च्या नाणे कायद्याखाली निघते, आणि त्यात धातू, व्यास, कडेवरच्या रेघांची संख्या, दोन्ही बाजूला काय चित्र आणि काय अक्षरं, सगळं लिहिलेलं असतं. गॅझेटच्या सरकारी वेबसाईटवर फुकट मिळतं. अलीकडच्या नाण्यांसाठी याच्याइतका पक्का पुरावा दुसरा नाही.

माझ्या वहीतले नेहमी लागणारे आकडे सांगतो. गांधी शताब्दीचं १० रुपये, १५ ग्रॅम, ८० टक्के चांदी, ३४ मिलिमीटर. १९७० चं अन्न आणि शेतीवालं १० रुपये पण तसंच. १९७२ ला स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवाचं १० रुपये आलं ते मोठं आहे, २२.५ ग्रॅम, पण चांदी ५० टक्क्यांवर आली. (इथंच लोक चुकतात, दोन्ही दहाची नाणी म्हणून एकाचं प्रमाण दुसऱ्याला लावतात.) नंतर १०० रुपयांची नाणी आली, ३५ ग्रॅम, ५० टक्के. आपल्या लोकमान्य टिळकांचं २००७ चं १०० रुपये त्यातलंच. २०१० ला तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराचं १००० रुपयांचं नाणं निघालं, वजन तेच ३५ ग्रॅम पण चांदी ८० टक्के. २०२३ चं नव्या संसद भवनाचं ७५ रुपये परत ५० टक्के, ४४ मिलिमीटर, कडेवर २०० रेघा. आणि २०२४ ला रिझर्व्ह बँकेच्या नव्वदीचं ९० रुपयांचं नाणं आलं ते ४० ग्रॅम आणि शुद्ध चांदीचं. म्हणजे अंदाजानं चालायचंच नाही, ज्या त्या नाण्याची अधिसूचना बघायची.

घरी चेक करायचं तर सुरवात कशानं करू?

काट्यानं. ०.०१ ग्रॅम दाखवणारा छोटा डिजिटल काटा आणि व्हर्निअर कॅलिपर, ही दोन हत्यारं घेऊन ठेवा, एका खोट्या नाण्याच्या किमतीपेक्षा दोन्ही मिळून स्वस्त पडतात. वजनात दशांशाचा थोडा फरक चालतो, पण १५ ग्रॅमचं नाणं १४ किंवा १६ भरलं तर सरळ बाजूला ठेवायचं. व्यास दोन-तीन ठिकाणी मोजा. ओतीव नकली नाणं थंड होताना आकसतं त्यामुळं व्यास किंचित कमी येतो, किंवा व्यास बरोबर ठेवायला जाडी वाढवलेली असते, ते जाडी मोजली की कळतं.

पाण्यातली टेस्ट कशी करायची?

हिच्यावर माझा फार भरवसा आहे आणि ही आठवीतल्या पोराला पण जमते. पातळ प्लॅस्टिकचा छोटा कप घ्या, काचेचा जड पेला घेतला की २०० ग्रॅमचा काटा ओव्हरलोड दाखवतो. कपात अर्ध्याच्या वर पाणी घाला, काट्यावर ठेवा आणि आकडा शून्य करा. आता नाण्याला बारीक दोऱ्याची गाठ मारून ते पाण्यात सोडा, पूर्ण बुडलं पाहिजे पण तळाला आणि कडेला टेकता कामा नये, आणि अंगाला बुडबुडे चिकटले असले तर हलकं हलवून ते काढायचे. दोरा हातात धरून ठेवलात तर हात हलतो, म्हणून मी कपाच्या दोन्ही बाजूला पुस्तकांची चळत रचून त्यावर पट्टी आडवी टाकतो आणि दोरा तिला बांधतो. काट्यावर जो आकडा येईल ते नाण्याचं घनफळ. हवेतलं वजन भागिले हा आकडा, झाली घनता.

खरं गांधी नाणं १५ ग्रॅमचं, पाण्यात १.४८ च्या आसपास दाखवतं, घनता १०.१. मी एका प्रदर्शनात घेतलेलं एक गांधी नाणं घरी येऊन असंच बुडवलं तर वजन १४.१ आणि पाण्यातला आकडा १.६२, म्हणजे घनता ८.७. ते जर्मन सिल्व्हर होतं, ज्यात नावाला सुद्धा चांदी नसते, तांबं निकेल आणि जस्त असतं. वरनं इतकं सुंदर पॉलिश होतं की विक्रेत्याच्या ट्रेमधे ते सगळ्यात उठून दिसत होतं, आणि तेव्हापासून जुनं नाणं फार चकाकत असलं की मला आधी शंका येते.

पाण्यातले इतर आकडे सांगायचे तर ५० टक्केवालं ३५ ग्रॅमचं नाणं ३.६७ दाखवतं, बृहदीश्वरचं ८० टक्क्यांचं ३.४५, आणि राणीछाप, म्हणजे व्हिक्टोरिया राणीचा रुपया न झिजलेला असेल तर १.१३. शिसं भरलेलं असेल तर घनता वर जाते कारण शिसं ११.३ आहे आणि शुद्ध चांदी १०.५. पण शिसं आणि तांब्याचं पाहिजे तसं मिश्रण करून कुणी घनता जुळवू शकतो, म्हणून ही एकटीच टेस्ट करून थांबू नका.

आणि प्रूफ नाणं, म्हणजे आरशासारखी पाटी असलेलं, कधीच पाण्यात घालू नका. डाग पडतात ते निघत नाहीत.

चुंबकाला चिकटलं तर खोटं आणि नाही चिकटलं तर खरं, बरोबर?

अर्धंच बरोबर. चांदीचं नाणं चुंबकाला चिकटत नाही, ५० टक्केवाल्यात निकेल असलं तरी नाही. चिकटलं की चांदी नाही हे नक्की. पण तांबं, पितळ, जर्मन सिल्व्हर, शिसं यातलं पण काही चिकटत नाही, त्यामुळं न चिकटणं हा काही पुरावा नाही.

चुंबकाचा खरा उपयोग वेगळाच आहे. नेहरूंचा १९६४ चा एक रुपया, गांधींचा १९६९ चा एक रुपया आणि पन्नास पैसे, १९४७ चा मागं वाघ असलेला रुपया, ही सगळी खरी सरकारी नाणी आहेत पण शुद्ध निकेलची, आणि बाजारात ती "जुनी चांदी" म्हणून खपवतात. गांधींचं चित्र १० रुपयाच्या चांदीच्या नाण्यावर तसंच एक रुपयाच्या नाण्यावर, दोन्हीवर १८६९-१९४८ लिहिलेलं, घाईत माणूस फसतोच. चुंबक लावा, निकेल टचकन चिकटतं. असं नाणं नकली नाही, पण चांदीचं पण नाही. मला वाटतं आमच्याकडं फसलेल्यातले निम्मे लोक याच भानगडीत फसतात.

आजोबा रुपया वाजवून बघायचे. ते खरं आहे का?

खरं आहे. कलदार, म्हणजे ब्रिटिश काळातला चांदीचा रुपया खणखणीत वाजतो, आवाज लांबतो, शिशाचा किंवा ओतीव रुपया बद्द वाजतो. बोटाच्या टोकावर तोलून दुसऱ्या नाण्यानं हलकं टिचकावलं तरी पुरे, फरशीवर आपटायची गरज नाही. पण ज्या रुपयाला पूर्वी कडी लावून माळेत ओवला होता, किंवा ज्याला आत बारीक चीर आहे, तो खरा असून बद्द वाजतो. त्यामुळं आवाजावरनं शंका घ्यायची, निकाल द्यायचा नाही. नवीन जपलेलं नाणं तर अजिबात वाजवू नका.

बर्फ ठेवून बघायची रील बघितली होती.

बर्फ चांदीवर पटकन वितळतो कारण ती उष्णता वाहते, पण तांबं पण जवळजवळ तेवढीच वाहतं. तांब्यावर मुलामा असला तरी बर्फ तसाच वितळणार. वेळ घालवू नका.

आणि ॲसिड?

कसोटीवर घासून ॲसिड टाकणं हे सराफाचं काम, दागिन्यासाठी ठीक आहे. डायक्रोमेटवालं ॲसिड शुद्ध चांदीवर रक्तासारखं लाल होतं आणि ५० टक्क्यांच्या आसपास हिरवट होत जातं. पण ओरखडा पडला की नाण्याची संग्राहकाकडची किंमत गेलीच, मुलामा जाड असला तर वरवरचा ओरखडा फसवतो पण, आणि ते रसायन हातावर डोळ्यात गेलं तर दवाखाना गाठावा लागतो. घरात लहान मुलं असताना तर हात पण लावू नका.

भिंगातनं काय बघायचं?

दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या, खिडकीशी बसा, नाणं कडेनं धरून हळूहळू तिरकं फिरवा. खरं नाणं ठशानं दाबून बनवलेलं असतं, टनावारी दाब पडतो, त्यामुळं अक्षराच्या कडा चाकूनं कापल्यासारख्या उभ्या असतात आणि अक्षरांमधली मोकळी जागा, जिला आम्ही पाटी म्हणतो, ती सलग असते. न वापरलेलं नाणं फिरवलं की उजेडाचा पट्टा चाकाच्या आऱ्यांसारखा गोल फिरतो. ओतीव नाण्याला हे येत नाही. त्याची पाटी बारीक खड्ड्यांची, पावसाळ्यात पापुद्रा धरलेल्या भिंतीसारखी, आणि अक्षरं साबणाच्या वडीवरची वाटावीत इतकी गुळगुळीत. अशोकस्तंभाच्या सिंहाची आयाळ बघा, खऱ्यात केसांच्या बटा वेगळ्या दिसतात, खोट्यात सगळं एक होऊन जातं. गांधीजींच्या नाण्यात कान आणि मिशी बघायची.

मग कड बघा, लोक हे विसरतातच. साच्याचे दोन भाग जोडले त्याची बारीक रेघ कडेवर राहते, ती कानशीनं घासली असेल तर तेवढ्यातल्या रेघा गायब झालेल्या असतात. ४४ मिलिमीटरच्या नाण्यावर २०० रेघा असतात, सगळ्या मोजायची गरज नाही, मोबाईलनं कडेचा पाव भागाचा फोटो काढून मोठा करा, ५० च्या आसपास आल्या पाहिजेत आणि सगळ्या सारख्या अंतरावर.

शक्य असेल तर खात्रीचं दुसरं नाणं शेजारी ठेवून बघा. आकडे वाचून जे कळत नाही ते दोन नाणी शेजारी ठेवल्यावर मिनिटात दिसतं.

मशीनवर चेक केलं, एक्सआरएफ (क्ष-किरणांनी धातू ओळखणारं मशीन), आता तरी पक्कं ना?

चांदीच्या कामाचं गाव हुपरी जवळ असल्यामुळं आणि आपल्या विट्या-खानापूरच्या गलाईवाल्यांमुळं, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करणाऱ्यांमुळं, या भागात चांदी ओळखणारी माणसं आणि मशीन दोन्ही सहज मिळतात, हे आपलं नशीब. मशीन नाण्याला धक्का लावत नाही आणि कुठला धातू किती टक्के ते लगेच सांगतं, म्हणून जरूर करा. पण ते फक्त वरचा थर वाचतं, केसाच्या जाडीपेक्षा कमी. चांगला जाड मुलामा असेल तर आतलं तांबं त्याला दिसतच नाही. म्हणून मशीनची पावती आणि पाण्यातली टेस्ट, दोन्ही एकमेकांशी जुळली पाहिजेत. ५० टक्केवाल्या नाण्यावर थोडे जास्त टक्के आले तर घाबरू नका, बनवताना पृष्ठभागावरचं तांबं थोडं कमी होतं त्यामुळं तसं येऊ शकतं. मशीनवाल्याला सगळे धातू छापायला सांगा, नुसती चांदी नको. तांब्याबरोबर निकेल आणि जस्त दिसलं पाहिजे का नाही ते अधिसूचनेत लिहिलेलंच असतं.

भट्टीत घालून तपासणी सगळ्यात अचूक, पण त्यात नाण्याचा तुकडा जातो, तेव्हा तो विषयच नको.

वर्षाखालच्या खुणेवरनं कळतं का?

मदत होते. मुंबई टांकसाळीची खूण चौकट, म्हणजे पत्त्यातल्या चौकटसारखी, हैदराबादची चांदणी, नोएडाचा ठिपका, आणि कोलकात्याची काहीच नाही. मुंबईच्या प्रूफ नाण्यांवर आधी इंग्रजी बी असायचा, १९९६ पासून एम. ज्या टांकसाळीनं ते नाणं काढलंच नाही तिची खूण असेल तर पकडलं. पण नकली करणारा खूण पण कॉपी करतोच, त्यामुळं खूण बरोबर आहे म्हणजे नाणं बरोबर असं होत नाही.

टांकसाळीच्या पाकिटात सीलबंद आहे, मग उघडून कशाला बघायचं?

पाकीट छापणं नाणं पाडण्यापेक्षा फार सोपं आहे. पाकिटावरचं शुद्धलेखन बघा, हिंदी मजकुरातल्या मात्रा वेलांट्या बघा, तिथं हमखास चुकतात. सीलसकट वजन करून पाकिटाचं वजन वजा करणं हा उपाय मला पटत नाही, पाकिटाचं नेमकं वजन आपल्याला माहीत नसतं. महाग नाणं असेल तर विक्रेत्याच्या समोर उघडून, कडेनं धरून, वजन करून घ्या.

नाणी तपासून दर्जा ठरवणाऱ्या (ग्रेडिंग) परदेशी कंपन्यांच्या, एनजीसी किंवा पीसीजीएसच्या, बंद डबीत नाणं असेल तर डबीवरचा नंबर त्यांच्या वेबसाईटवर टाकून फोटो जुळवा. डब्या पण नकली निघतात.

हॉलमार्क का नाही त्यावर?

सरकारी नाण्याला हॉलमार्क लागत नाही. चांदीचं हॉलमार्किंग दागिने आणि वस्तूंसाठी आहे आणि ते ऐच्छिक आहे, १ सप्टेंबर २०२५ पासून त्यात पण सोन्यासारखा सहा अक्षरांचा एचयूआयडी, म्हणजे त्या वस्तूचा ओळख क्रमांक आलाय, बीआयएस केअर ॲपवर टाकून बघता येतो. ते लक्ष्मीची मूर्ती, ताट-वाटी घेताना वापरा. उलट १९६९ च्या गांधी नाण्यावर कुणी ९२५ चा शिक्का मारलेला दिसला तर ते नाणं घेऊच नका.

राणीछाप, राजाछाप रुपयांचं काय?

ती स्मारक नाणी नाहीत, चलनातली होती, पण विचारतात सगळेच. वजन एक तोळा, ११.६६ ग्रॅम, चांदी ९१.७ टक्के, म्हणजे आत साधारण १०.७ ग्रॅम चांदी. झिजलेला रुपया थोडा कमी भरणारच. १९४० पासून युद्धामुळं सहाव्या जॉर्जचा रुपया ५० टक्क्यांवर आला, तो खोटा नाही. १९३९ चा रुपया दुर्मिळ आहे म्हणून १९३८ च्या आठाचा नऊ कोरतात, भिंगातनं त्या आकड्याच्या आजूबाजूची पाटी खरवडलेली दिसते.

ईस्ट इंडिया कंपनीचं रामदरबार असलेलं नाणं आहे, १८१८ चं. किती येतील?

कंपनीनं राम-सीता किंवा हनुमान असलेलं नाणं कधीच काढलं नाही. ही देवळातल्या टाकाच्या धर्तीवर बनवलेली नंतरची पदकं, त्यावर जुनं साल टाकून विकतात. पूजेत ठेवायला काही हरकत नाही, पण "नाणं" म्हणून पैसे देऊ नका.

तसंच साताऱ्याकडं फिरायला गेलेले लोक चांदीची शिवराई म्हणून काहीतरी घेऊन येतात, त्यावर महाराजांचं चित्र. शिवराई तांब्याची असते, होन सोन्याचा, आणि शिवराईवर एका बाजूला "श्री राजा शिव" आणि दुसऱ्या बाजूला "छत्र पति" एवढी अक्षरंच असतात, चित्र नसतं. महाराजांचं नाणं म्हणून भावनेला हात घालून लोकांना लुटतात याचा मला मनापासून संताप येतो. महाराजांचं चित्र असलेलं भारत सरकारचं २ रुपयांचं स्मारक नाणं १९९९ ला निघालं, ते तांबं-निकेलचं, चांदीचं नाही.

नाणं काळं पडलंय, आधी साफ करू का?

करू नका! हात जोडून सांगतो. चांदी हवेतल्या गंधकानं काळी पडते, ५० टक्केवाली तर लवकर. २०१९ च्या महापुरात कपाटं पाण्यात गेली तेव्हा कितीतरी घरात नाणी चिखलात काळी झाली, आणि लोकांनी चिंच, राख, टूथपेस्ट लावून घासघासून चमकवली, सगळी बारीक ओरखड्यांनी भरून गेली. चिखल असेल तर स्वच्छ पाण्यात ठेवून मऊ कापडावर टिपून घ्या, घासायचं नाही. जुना एकसारखा काळपटपणा तर खरेपणाच्या बाजूनं बोलतो, खोट्या नाण्यावर मुलामा उडालेल्या ठिकाणी तांबूस किंवा पिवळसर धातू डोकावतो. मऊ प्लॅस्टिकच्या पाऊचमधे पण ठेवू नका, हिरवट चिकट थर धरतो. कडक कॅप्सूल घ्या.

फोनवर सांगतात नाण्याला लाखो रुपये देतो, आधी फी भरा.

फसवणूक. रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२१ मधेच जाहीर केलंय की त्यांच्या नावानं आणि लोगोनं जुन्या नोटा नाण्यांसाठी कमिशन किंवा टॅक्स मागणारे लोक भामटे आहेत, बँक अशा व्यवहारात नसतेच. पैसे गेले असतील तर लगेच सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला, १९३० वर फोन करा, जितका उशीर तितकं अवघड.

विकत घेताना काय काळजी घेऊ?

बिल. आणि बिलावर नुसतं "चांदी नाणे १ नग" नको, "१० रुपये महात्मा गांधी, १५ ग्रॅम, चांदी ८० टक्के, भारत सरकार टांकसाळ, अस्सल नसल्यास परत" असं लिहून घ्या. जो हे लिहून द्यायला का कू करतो त्याच्याकडनं घेऊ नका, मग तो कितीही ओळखीचा असो. नवीन नाणी तर सरळ टांकसाळीच्या, म्हणजे एसपीएमसीआयएलच्या अधिकृत वेबसाईटवरनं मागवा, मुंबई, कोलकाता, हैदराबाद, नोएडा चारही तिथं आहेत. घेताना आतल्या चांदीची किंमत पण काढा. गांधी नाण्यात १२ ग्रॅम चांदी, १०० रुपयेवाल्यात साडेसतरा. आतल्या चांदीपेक्षा कमी किमतीत कुणी आनंदानं विकत असेल तर तो का विकतोय याचा विचार करा.

घेतलेलं खोटं निघालं. आता काय?

आधी ते नाणं पुढं कुणाच्या गळ्यात मारू नका. सरकारी नाण्याची नक्कल करणं आणि खोटं आहे हे माहीत असून ते खरं म्हणून चालवणं हा भारतीय न्याय संहितेत गंभीर गुन्हा आहे, नक्कल करण्यासाठी कलम १७८, आणि खोटं नाणं खरं म्हणून विकून फसवलं तर कलम ३१८. बिल, पाकीट, मेसेज, मशीनची पावती जपून ठेवा, विक्रेत्याला लेखी कळवा, नाही ऐकलं तर ग्राहक हेल्पलाईन १९१५, त्यापुढं जिल्हा ग्राहक आयोग, तिथं दोन वर्षांची मुदत असते. बरेच विक्रेते लेखी पत्र बघितलं की पैसे परत करतात, माझे त्या गांधी नाण्याचे असेच आले.

नाणं शंभर वर्षांपेक्षा जुनं आहे, पोरगा परदेशात आहे, त्याला पाठवू का?

नको. शंभर वर्षांवरची नाणी १९७२ च्या पुरावशेष कायद्यात येतात, बाहेर पाठवायला बंदी आहे. आणि शेतात नांगरताना नाण्यांचं गाडगं सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवायला लागतंय, त्यासाठी १८७८ पासूनचा कायदा आहे.

एवढं करून पण शंका राहिली तर कुणाला दाखवू?

नाण्यांचा जाणकार आणि चांदीचा जाणकार ही दोन वेगळी माणसं आहेत, दोघांनाही दाखवा. माझे मामा विट्याचे, आयुष्य गलाईत गेलं, हातात धरून चांदीचा टंच, म्हणजे शुद्धता सांगतील, पण नाण्यावरची अक्षरं बरोबर आहेत का ते त्यांना विचारून उपयोग नाही, ते स्वतःच तसं सांगतात. मुंबईला जाणार असाल तर फोर्टमधलं रिझर्व्ह बँकेचं मॉनेटरी म्युझियम बघा, नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्राची संशोधन संस्था आणि संग्रहालय आहे, तिथं खरी नाणी डोळे भरून बघितली की नजर तयार होते. आणि सांगलीत असाल तर काटा, कप आणि दोरा माझ्याकडं आहेच, फक्त येताना नाणं घासून आणू नका.